कारणाचा रकाना

मी अन्फिन, स्कार्वॉयच्या चर्चमधला कारकून.
अक्षर सुबक, म्हणून नोकरी.
जन्म डाव्या वहीत, मरण उजव्या वहीत,
आणि चूक झालीच तर
हाडाच्या मुठीची एक लहानशी सुरी,
वाळलेली शाई खरवडायला.

त्या वर्षी कॉड उशिरा आला.
त्याच आठवड्यात बोटीतून उतरली डॉक्टरीणबाई,
राग्नहिल्ड त्वेताने.
धक्क्यावरच्या बाप्यांनी आधी तिच्या हातातली बॅग पाहिली,
मग बॅगेचा मालक मागून उतरतोय का ते पाहिलं.
बोट रिकामी झाली.

पहिल्या हिवाळ्यात तिच्याकडे दोनच रोगी आले:
पाय मोडलेला एक बोकड,
आणि एक खलाशी, कारण दुसरा डॉक्टर फ्योर्डपलीकडे होता
आणि फ्योर्ड गोठला होता.
दोघेही बरे झाले.
बोकडानं कुणाला सांगितलं नाही.
खलाशानंही नाही.

मग बायका येऊ लागल्या, मागच्या दारानं,
डोक्यावर माशांची पाटी,
जणू विकायलाच आल्यात.

तोवर आमच्या वहीत बायका मरायच्या
ईश्वरेच्छेनं,
अशक्तपणानं,
फार तर तापानं.
फेब्रुवारीत तिची चिठ्ठी आली:
ओलिने, वय एकतीस.
कारण: अकरावं बाळंतपण.
आणि खाली, तितक्याच ठळक अक्षरात:
नवव्या वेळी नवऱ्याला सांगितलं होतं. दहाव्या वेळीही.

मी उतरवून घेतलं. नक्कल म्हणजे नक्कल.
पाद्रीसाहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
“अन्फिन, हे कारण नाही. ही तक्रार आहे.”
मी सुरी काढली.

गुडलाउग, वय एकोणीस.
हेरिंगच्या कारखान्यात सोळा तास उभी, सातव्या महिन्यात.
खरवडलं.
बेर्गिट, वय चव्वेचाळीस.
जिन्यावरून पडली म्हणतात. जिन्याला बोटं नसतात,
हिच्या गळ्यावर पाच आहेत.
हे खरवडायला पूर्ण दुपार लागली.

एकदा ती स्वतः आली. वही उघडून उभ्याउभ्याच पाहत राहिली.
मी म्हटलं, मला हुकूम आहे.
ती म्हणाली, “कागद पातळ होतोय. जपा.”
एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी.
अशी अकरा वर्षं.

मध्ये एकदा माझी सिग्ने
माशांची पाटी घेऊन गेली.
आमच्याकडे विकायला मासे कधीच नव्हते.
मी विचारलं नाही.
त्यानंतर आमचा पाळणा माळ्यावरून उतरला नाही,
आणि सिग्ने अजून आहे.
हे कुठल्याच वहीत नाही.

एका रात्री दिवा वहीच्या मागे राहिला.
पान उभं धरलं तर
जिथे जिथे मी खरवडलं होतं
तिथूनच उजेड येत होता,
रकानाभर, ओळीनं,
आणि माझी सुबक अक्षरं त्याच्या शेजारी
काळी, ठार काळी.
मी दिवा विझवला. खोटं कशाला बोलू,
धाडस म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं.

मग कायदा झाला. बायकांना मत.
यादी करायची माझ्याकडे आली, अक्षरामुळे.
छापील तक्ते राजधानीहून आले होते, घाईत:
नाव. वय. पतीचा व्यवसाय.

सकाळी सात वाजता पहिली तीच.
केस पांढरे, बॅग तीच.
तक्ता वाचला. माझ्यापुढे हात पसरला.
टाक दिला, तो नको होता.
“ती सुरी.”

छापील शाई लवकर निघत नाही.
पण तिचा हात सवयीचा,
याहून नाजूक जागी चाललेला.
‘पतीचा’ तेवढा गेला. कागदाला भोक पडलं नाही.
फुंकर मारली, भुकटी माझ्या बाहीवर.
उरलेल्या शब्दापुढे तिनं लिहिलं: डॉक्टर.

दारात रांग होती. चौथी की पाचवी सिग्ने,
आज डोक्यावर पाटी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सुरी परत दिली,
मूठ माझ्या बाजूला करून.
“धार गेलीय हिची,” म्हणाल्या.
“लावून घ्या. बाहेर बऱ्याच जणी आहेत.”